तेल मापावं की तोलावं? लिटर, वाटी आणि पळीचे ग्रॅम करण्याची घरगुती रीत

१५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा जार यांत जवळपास १ किलो ३५० ग्रॅम तेलाचा फरक असतो. दोन्हींवर '१५' हा आकडा सारखाच ठळक छापलेला असतो आणि दिवाळीच्या तोंडावर गर्दीत भाव विचारणारा माणूस बहुतेक वेळा फक्त रुपये ऐकतो. ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा तुर्भ्याच्या एपीएमसीत घाऊक भाव किलोवर नाहीतर डब्यावर सांगतात. सुपरमार्केटच्या फळीवर लिटर. आईच्या वहीत वाटी आणि पळी. आहारतज्ज्ञांच्या कागदावर ग्रॅम. तेल एकच, मापं चार, आणि ती एकमेकांशी जुळवायचं काम आपल्या गळ्यात.

काम अवघड नाही. एक आकडा लक्षात ठेवायचा, घरात एक बऱ्यापैकी डिजिटल काटा हवा आणि एकदा बसून आपली भांडी मोजून घ्यायची. माझं मत आधीच सांगून टाकते: तेल विकत घेताना, खर्च मांडताना आणि घाऊक प्रमाणात पदार्थ करताना ते तोलूनच धरावं. रोजच्या फोडणीला पळी खुशाल वापरावी, तिथे ग्रॅमचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही.

सगळ्याचं मूळ: ०.९१

एक लिटर पाण्याचं वजन जवळपास एक किलो. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजेच तेवढ्याच जागेत त्याचं वजन कमी भरतं. आपल्याकडच्या खाण्याच्या तेलांचं, आपल्या हवेत, एका लिटरचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास येतं. एक लिटरच्या बहुतेक पाऊचवर शेजारी बारीक अक्षरांत '९१० ग्रॅम' लिहिलेलं असतं ते याचमुळे. घनतेच्या भाषेत सांगायचं तर दर मिलीला ०.९१ ग्रॅम.

मिलीचे ग्रॅम करायचे तर ०.९१ ने गुणायचं. ग्रॅमचे मिली करायचे तर ०.९१ ने भागायचं. दुकानात उभ्या उभ्या मोबाइल काढायचा कंटाळा असेल तर तोंडी रीत अशी:

ग्रॅमचे मिली करताना दहावा भाग वाढवा. ५०० ग्रॅम म्हणजे ५५० मिली. नेमकं उत्तर ५४९.५ आहे, तेव्हा अर्ध्या मिलीसाठी कुणी भांडणार नाही.

मिलीचे ग्रॅम करताना दहावा भाग वजा करा आणि शंभरावा भाग परत मिळवा. ७५० मिलीतून ७५ गेले, ६७५ उरले, त्यात साडेसात मिळवले की ६८२.५ ग्रॅम.

उत्तर बरोबर आलं का, हे तपासायची खूणही सोपी आहे. तेलाच्या बाबतीत ग्रॅमचा आकडा मिलीच्या आकड्यापेक्षा नेहमी लहान असतो. ४०० मिलीचे ४४० ग्रॅम आले, तर गुणायचं तिथे भागलं गेलं.

सारखे लागणारे आकडे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले तर बरं पडतं:

१ चहाचा चमचा (५ मिली): साधारण ४.५ ग्रॅम
१ टेबलस्पून (१५ मिली): १३.६ ग्रॅम
१०० मिली: ९१ ग्रॅम
१ कप (२४० मिली): २१८ ग्रॅम
अर्धा लिटर: ४५५ ग्रॅम
१ लिटर: ९१० ग्रॅम
५ लिटर: ४ किलो ५५० ग्रॅम
१५ लिटर: १३ किलो ६५० ग्रॅम

आणि उलट बाजूने: पाव किलो म्हणजे २७५ मिली, १ किलो म्हणजे १ लिटर १०० मिली, १५ किलोचा डबा म्हणजे साधारण साडेसोळा लिटर.

परदेशी पाककृती करून बघणाऱ्यांसाठी एक सूचना. कप सगळीकडे २४० मिलीचा नसतो, काही ठिकाणी २५० चा धरतात. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा असतो. बाजारात मिळणाऱ्या मेजरिंग कपांच्या दांड्यावर मिली छापलेले असतात, ते आधी वाचावेत.

कुठलं तेल, यानं किती फरक पडतो?

फारसा पडत नाही. शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल, सोयाबीन, सरकी, तीळ, करडई, राईसब्रॅन ही सगळी तेलं ३० अंशांच्या आसपास साधारण ०.९०५ ते ०.९२ या पट्ट्यातच असतात. शेंगदाणा आणि मोहरी खालच्या टोकाकडे, करडई आणि जवस वरच्या. एका लिटरमागे दहा-पंधरा ग्रॅमचं अंतर. स्वयंपाकघरात सगळ्यांना ०.९१ लावलं तर काही बिघडत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. 'घाण्याचं तेल शुद्ध आहे का ते वजन करून ओळखा' असे व्हॉट्सॲपवर फिरणारे सल्ले कुचकामी आहेत. सगळ्याच तेलांची घनता इतकी जवळजवळ असते, की शेंगदाण्याच्या तेलात दुसरं स्वस्त तेल मिसळलं तरी घरचा काटा ते पकडू शकत नाही. भेसळीची शंका असेल तर तेल प्रयोगशाळेतच तपासावं लागतं.

तुपाचा आकडा किंचित वेगळा आहे. एक लिटर तुपाच्या पॅकवर ९०५ ग्रॅम लिहिलेलं दिसतं. पण तुपाची खरी अडचण वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येते.

उन्हाळा, हिवाळा आणि लेबल

तापलं की तेल फुगतं. वजन तेवढंच राहतं, जागा जास्त व्यापतं. किती, याचा एक विश्वासार्ह आकडा केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानंच २०२२ मध्ये दिला होता: सोयाबीन तेलाचं एक लिटर २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. ३९ अंशांत २६.४ ग्रॅमची घट, म्हणजे दर अंशामागे लिटरला सुमारे ०.६८ ग्रॅम.

हा आकडा सरकारला द्यावा लागला, त्यामागे एक गमतीशीर कारण होतं. कंपन्या पाऊचवर 'एक लिटर' लिहायच्या आणि शेजारी तापमान छापायच्या. काहींनी ते तापमान ६० अंशांपर्यंत नेलं होतं. ६० अंशांचं एक लिटर तेल म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात येईपर्यंत लिटरहून कमीच. ऑगस्ट २०२२ मध्ये विभागानं सांगितलं, की तापमानाचा उल्लेख न करता माप लिहा, सोबत वजनही लिहा आणि दोन्ही एकमेकांशी जुळतील असं बघा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली. म्हणून आज पाऊचवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही सापडतात. त्यांतला ग्रॅमचा आकडा आपल्या कामाचा, कारण तो ऋतूप्रमाणे बदलत नाही.

घरच्या वापरात याचा परिणाम केवढा? ठाण्यात जानेवारीच्या पहाटे स्वयंपाकघर वीस अंशांच्या जवळ असतं आणि मे महिन्यातल्या दुपारी पस्तीसच्या. पंधरा अंशांचं अंतर, लिटरमागे दहा ग्रॅम. चकलीच्या मोहनाला हे कळणारही नाही. डब्यामागे डबे घेणाऱ्या केटररला मात्र कळायला हवं.

आपली वाटी, आपली पळी

खरा गोंधळ तेलाच्या घनतेत नसतो, तो वाटीत असतो. माझ्या घरातल्या आमटीच्या वाटीत आणि शेजारणीच्या आमटीच्या वाटीत पन्नासेक मिलीचा फरक सहज निघतो. पळ्यांचं तर विचारूच नका. म्हणून 'एक वाटी तेल म्हणजे किती ग्रॅम' याचं सर्वांना लागू पडेल असं उत्तर मिळणार नाही, ते आपल्या घरापुरतं काढावं लागतं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि एकदाच करायचं.

काटा सपाट ओट्यावर ठेवा, पंख्याच्या झोतात नको. त्यावर रिकामी, कोरडी वाटी ठेवून 'टेअर'चं बटण दाबा, म्हणजे वाटीचा धडा होऊन काटा शून्यावर येईल. आता वाटीत पाणी भरा. पदार्थ करताना जितकी भरता तितकीच. काठोकाठ भरायची सवय असेल तर एक लक्षात ठेवा: पाणी काठाच्या वर फुगवटा धरतं, तेल तितकं धरत नाही, त्यामुळे पाण्याचं माप जरा जास्त येतं. काठाच्या जरा खाली एखादी रेघ किंवा नक्षी असेल, तर ती खूण धरलेली चांगली.

काट्यावर दिसणारे पाण्याचे ग्रॅम हेच त्या वाटीचे मिली. समजा १५० आले. १५० × ०.९१ = १३६.५. तुमच्या वाटीत तेल बसतं १३६ ग्रॅम, विषय संपला. वाटीच्या बुडाला कायमस्वरूपी मार्करनं '१५०' लिहून ठेवा.

पळीसाठी एकाच पळीचं वजन करू नका. घरगुती काटे एक ग्रॅमपर्यंतच दाखवतात, पळीत तेल बसतं पंचवीस-तीस ग्रॅम, मग चूक मोठी दिसते. पातेल्यात दहा पळ्या पाणी घालून एकत्र वजन करा आणि दहाने भागा. चमच्याचंही तसंच. थेट तेलानंच मोजायचं असेल तर पळी भांड्यावर नीट निथळू द्या. घाईत उपडी केलेली पळी प्रत्येक वेळी थोडं तेल आपल्याकडे ठेवून घेते.

मोजपात्र असेल तर ते सपाट ठेवून, डोळे रेघेच्या पातळीला आणून वाचावं. उभं राहून वरून पाहिलं की आकडा चुकतो.

वहीतल्या जुन्या मापांबद्दल थोडंसं. आजीच्या हातच्या वहीत 'पावशेर तेल' लिहिलेलं असेल, तर आज आपण त्याला पाव किलो समजतो. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा होता, त्याचा पाव २३३ ग्रॅम. पण स्थानिक शेर वेगवेगळे होते, तेव्हा अशा पाककृतीत तेल आधी कमी घालून बघावं आणि अंदाजानं वाढवावं.

काट्यावरच्या 'मिली'वर भरवसा नको

हल्लीच्या डिजिटल काट्यांवर एक 'युनिट' बटण असतं: ग्रॅम, औंस, मिली. अनेक जण तेलाची बरणी ठेवून 'मिली'वर वाचतात आणि आकडा खरा मानतात. तो काटा मिली मोजतच नसतो. तो वजनच मोजतो आणि समोर पाणी आहे असं समजून तोच आकडा मिली म्हणून दाखवतो. काही काट्यांत दुधासाठी वेगळी खूण असते, तेलासाठी बहुधा नसते. परिणामी एक लिटर तेल ठेवलं की तो '९१०' दाखवतो आणि आपण दुकानदारावर संशय घेतो. काटा कायम ग्रॅमवरच ठेवा आणि मिली स्वतः काढा.

काटा बरोबर आहे का, हे बघायला वजनं हाताशी नसतील तर दहा रुपयांची दोन धातूंची दहा नाणी एकदम ठेवून पाहा, ७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवीत. हलक्या वजनासाठी एवढी तपासणी पुरे.

भाव पडताळताना

इथे थोडा वेळ घालवला तर पैसे खरोखर वाचतात. पुढचे रुपये समजण्यापुरते धरलेले आहेत, आजचा बाजारभाव म्हणून वाचू नयेत.

डबा आणि जार. १५ किलोचा डबा २४०० रुपयांना, १५ लिटरचा जार २२५० ला. जार दीडशे रुपयांनी स्वस्त वाटतो. डब्याचा भाव किलोला १६० रुपये. जारमध्ये तेल आहे १३.६५ किलो, म्हणून भाव किलोला १६४ रुपये ८० पैसे. डबाच स्वस्त. ही गणितं करायला एकच रीत पाळा: दोन्हीकडचं वजन किलोत आणा, मग किमतीला त्यानं भागा. एकीकडे लिटरचा भाव आणि दुसरीकडे किलोचा, अशी तुलना करायचीच नाही.

लाकडी घाणा. घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत घाण्याच्या तेलाची दुकानं आता चांगलीच वाढली आहेत. कुणी भाव किलोवर लावतं, कुणी लिटरवर. पहिला प्रश्न तोच विचारायचा, 'दादा, हा भाव किलोचा की लिटरचा?' एका दुकानात ३०० रुपये लिटर आणि दुसऱ्यात ३२० रुपये किलो असेल, तर ३०० ला ०.९१ ने भागा: किलोला जवळपास ३३० रुपये. म्हणजे ३२० चं तेल स्वस्त. बाटली 'लिटरची' म्हणून दिली असेल तर ती कुठपर्यंत भरली आहे तेही बघावं. काही बाटल्यांत मानेपर्यंत भरल्यावरच लिटर होतं.

लहान-मोठे पाऊच. पूर्वी खाण्याच्या तेलाला ठरावीक आकाराचीच पाकिटं असायची. २०२२ पासून ती सक्ती गेली आणि फळीवर ८००, ८५०, ८७० ग्रॅम असे नाना आकार आले. दिसायला सगळे लिटरच्या पाऊचसारखेच. ८५० ग्रॅमचा पाऊच १३५ रुपयांना आणि ९१० ग्रॅमचा १४२ ला असेल, तर हात आपोआप १३५ कडे जातो. ग्रॅममागे भाव काढला तर पहिला १५.९ पैसे, दुसरा १५.६ पैसे. सात रुपये कमी देऊन आपण महाग तेल घेतलं.

पाकिटावर आता एककाचा भावही छापावा लागतो, एका ग्रॅमला किंवा एका मिलीला इतके रुपये असा. सोय चांगली आहे, पण तेलात ती फसवू शकते. एका पाऊचवर दर मिलीला ०.१५ रुपये आणि दुसऱ्यावर दर ग्रॅमला ०.१६ रुपये असेल, तर पहिला स्वस्त नाही. ०.१५ ला ०.९१ ने भागलं की ग्रॅमला साडेसोळा पैसे येतात.

पाऊचमध्ये पुरतं तेल आहे ना?

भरलेला पाऊच बाहेरून पुसून तोला. समजा ९१७ ग्रॅम आला. तेल बरणीत काढून, पाऊच नीट निथळून पुन्हा तोला, समजा ७ ग्रॅम. निव्वळ तेल ९१० ग्रॅम. निव्वळ वजनात वेष्टन धरायचं नसतं, हे नियमातच आहे. डब्याचंही असंच: रिकामा डबा विकायच्या किंवा टाकायच्या आधी एकदा तोलून ठेवायचा.

चार-पाच ग्रॅम कमी भरले म्हणून लगेच तक्रार करू नका. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांत ५०० ते १००० ग्रॅमच्या एका पाकिटाला १५ ग्रॅमपर्यंतची चूक क्षम्य धरली आहे, शिवाय घरचा काटा प्रमाणित नसतो. पण एकाच खेपेतले तीन-चार पाऊच सारखे तीस-चाळीस ग्रॅमनं कमी भरत असतील, तर रिकामे पाऊच आणि बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर किंवा राज्याच्या वैधमापन विभागाकडे तक्रार करावी. न उघडलेला एखादा पाऊच शिल्लक ठेवलात तर पुरावा भक्कम राहतो.

आपल्या तेलाची घनता स्वतः काढायची असेल तर

रोज गरज नाही. पण घाण्याचं तेल घेऊन बाटल्या भरून विकणाऱ्या बचत गटाला हे जमायला हवं, कारण त्यांच्या लेबलवर मिली आणि ग्रॅम दोन्ही जुळावे लागतात.

अरुंद मानेची अर्ध्या लिटरची बाटली घ्या. मानेवर मार्करनं रेघ मारा. मान जितकी अरुंद, तितकी पातळीतली चूक कमी. कोरडी बाटली तोला. रेघेपर्यंत पाणी भरून तोला. पाणी काढून बाटली अगदी खडखडीत वाळवा, उन्हात उलटी ठेवलेली बरी, कारण आत राहिलेले थेंब तेलाच्या वजनात मिसळतात. मग त्याच रेघेपर्यंत तेल. पाणी आणि तेल दोन्ही खोलीच्या तापमानाला आलेलं असावं, फ्रीजमधलं पाणी नको.

बाटली ३८ ग्रॅम, पाण्यासह ५३८, तेलासह ४९५ असं धरू. पाणी ५०० ग्रॅम, तेल ४५७ ग्रॅम. ४५७ ÷ ५०० = ०.९१४. आता ३० अंशांना पाण्याची घनता एकापेक्षा किंचित कमी, ०.९९६ असते, म्हणून ०.९१४ × ०.९९६ = ०.९१०. ही तुमच्या तेलाची घनता. लहान बाटलीनं हा प्रयोग करू नका. ५० मिलीत काटा एका ग्रॅमनं चुकला तर उत्तर दोन टक्क्यांनी चुकतं, ५०० मिलीत तीच चूक ०.२ टक्क्यांवर येते.

मोहन, लोणचं आणि गोठलेलं तूप

कडकडीत मोहन घालताना वाटी आधी मोजायची की तेल तापवून मग, यावर घराघरात वाद असतात. आकडे आधी मोजणाऱ्यांच्या बाजूचे आहेत. सोयाबीनचा वरचाच हिशेब पुढे नेला, तर १८० अंशांच्या आसपास एका लिटरचं वजन ८१० ग्रॅमपर्यंत उतरतं. ६० मिलीची पाव वाटी गार तेलानं भरली तर साधारण ५५ ग्रॅम तेल, कडकडीत तेलानं भरली तर ४९. म्हणजे गरम तेल मापणारीच्या चकलीत मोहन एक दशांशानं कमी पडतं, आणि मग भाजणीलाच नावं ठेवली जातात. गार तेल तोलून कढल्यात घ्यावं, मगच तापवावं. कढईचंही हेच गणित आहे. लिटरभर गार तेल तळणीच्या तापमानाला आलं की जागा सव्वाशे मिलीनं जास्त घेतं, त्यावर पदार्थाचा फेस. म्हणून कढई निम्म्याच्या वर भरू नये.

कैरीच्या लोणच्यात तेल कमी पडलं तर फोडी वर उघड्या राहतात आणि बुरशी धरते. वहीत 'एक किलो फोडींना पाव किलो तेल' असेल आणि मोजपात्रानं पाव लिटर घेतलंत, तर २२७ ग्रॅमच गेलं. पाव किलोसाठी २७५ मिली हवं. एका किलोला हे खपून जातं, दहा किलो कैरी घातली की पाव किलोच्या जवळपास तेल कमी पडतं.

तुपात मापाचा प्रश्न घनतेपेक्षा पोकळीचा आहे. रवाळ तूप चमच्यानं वाटीत भरलं की मध्ये हवेच्या जागा राहतात, वरती डोंगर होतो. शंकरपाळ्यांना 'एक वाटी तूप' म्हणजे पातळ की घट्ट, हे लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नसतं. तूप वितळवून मापावं, नाहीतर सरळ तोलावं. खोबरेल तेलही २४-२५ अंशांच्या खाली गोठायला लागतं. थंडीत ते कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करून घ्यावं, चमच्यानं खरवडून मापू नये.

फराळाच्या ऑर्डरी घेत असाल तर

तळणीत नेमकं किती तेल गेलं, हे ठरवता न आल्यानं बऱ्याच जणी भाव अंदाजानं लावतात आणि शेवटी हातात काही उरत नाही. चकलीचं आधीचं आणि नंतरचं वजन घेऊन उत्तर मिळत नाही, कारण तळताना पाणी उडून जातं आणि तेल आत शिरतं, दोन्ही एकाच वेळी. मिलीनं मोजायला जाल तर आधीचं तेल गार, नंतरचं कोमट, गाळल्यावरचं आणखी वेगळं. तोलणं हाच मार्ग.

कढईत घालायचं तेल घालण्याआधी तोलून लिहा. मधेमधे भर घालाल ती प्रत्येक वेळी तोलून लिहा. तळण संपल्यावर तेल पूर्ण गार होऊ द्या. गरम कढई काट्यावर ठेवायची नाही, काटा बिघडतो आणि तेल सांडलं तर भाजण्याची भीती. गार तेल गाळून, धडा केलेल्या पातेल्यात तोला.

उदाहरण: सुरुवातीला ३ किलो, नंतर भर अर्धा किलो, उरलं २ किलो ६५० ग्रॅम. गेलं ८५० ग्रॅम. त्यातून चार किलो चकली निघाली असेल तर किलोला २१२ ग्रॅम तेल. १६० रुपये किलोच्या तेलाला हे ३४ रुपये. मोहनाचं तेल वेगळं मिळवा. झाऱ्याला, कागदाला आणि गाळणीला लागलेलं तेलही या आकड्यात आपोआप धरलं जातं, आणि ते धरायलाच हवं, पैसे त्याचेही गेलेत. शेव, चिवडा, करंजी यांचा आकडा एकमेकांना लावू नका, प्रत्येक पदार्थाचा एकदा स्वतंत्र काढून वहीत ठेवा.

उरलेल्या २ किलो ६५० ग्रॅमची किंमत पूर्ण धरायची की नाही? मी अर्धीच धरते. तळून झालेलं तेल पुन्हा पुन्हा तापवता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल तापवून तापवून खराब होताना त्यात तयार होणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, आणि घरी ते मोजायची सोय नसते. एखाददुसऱ्या दिवशी फोडणीला, भाजीला संपवता येईल तेवढंच शिल्लक म्हणून मांडावं, बाकीचं खर्चात टाकावं.

घरचा महिन्याचा हिशेब

२०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरीच्या ताटासाठी तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलं आहे. चार माणसांचं तीस दिवसांचं होतं ३ किलो २४० ग्रॅम, म्हणजे साडेतीन लिटरहून जरा जास्त, आणि यात तूपही आलं. तेलाच्या दर ग्रॅमला ९ कॅलरी, तेव्हा एका टेबलस्पूनला साधारण १२३. पाऊचमागचा पोषणतक्ता वाचताना तो '१०० ग्रॅममागे' आहे की '१०० मिलीमागे' तेवढं बघा: पहिल्यात ९०० कॅलरी असतील आणि दुसऱ्यात ८२० च्या आसपास, तर दुसरं तेल 'हलकं' नाही, तेच तेल वाटीनं मापलेलं आहे.